वस्त्रे साताऱ्याची, सत्ता पुण्याची

नाशिकच्या सराफ बाजारातला सरकारवाडा पेशव्यांचा. त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या दगडाचे मंदिर उभारायला घेतले नानासाहेब पेशव्यांनी. गोदाकाठचे सुंदरनारायण मंदिर १७५६ साली होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले, तर पंचवटीतले काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी. आनंदवल्लीला नानासाहेबांचे धाकटे भाऊ राघोबादादा यांचा वाडा होता आणि गंगापूरला नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई राहत. अठराव्या शतकातले नाशिक शोधायला निघालो, की पावलोपावली पेशवे भेटतात, नाहीतर त्यांचे सरदार.

राज्य मात्र छत्रपतींचे होते. गादी साताऱ्याला होती. पेशवा हा छत्रपतींनी नेमलेला मुख्य प्रधान. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याहून पदाची वस्त्रे घ्यावी लागत आणि त्याच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचे नाव येई. पुण्यातल्या कोणत्याही पेशव्याने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला नाही. मग राजाच्या नावाचे राज्य प्रधानाच्या वाड्यातून कसे चालू लागले?

असाच प्रश्न रोमच्या इतिहासाचे अभ्यासक दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका घटनेबद्दल विचारतात. रोमने आपला शेवटचा राजा परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये हाकलून दिला आणि पुढची सुमारे पाचशे वर्षे कोणालाही राजा होऊ दिले नाही. तरीही इ.स.पू. २७ पर्यंत तिथे ऑगस्टस या एका माणसाचे राज्य सुरू झाले होते आणि तेही सिनेट, निवडणुका, जुनी पदे जागच्या जागी असताना.

दोन्ही कथांत एक मूलभूत फरक आहे. रोम प्रजासत्ताक होते, मराठ्यांचे राज्य राजेशाही होते. रायगडावर लोकांनी निवडलेली सभा नव्हती. पण अनेक जबाबदार पदांत वाटलेली सत्ता हळूहळू एकाच ठिकाणी गोळा होते, ही प्रक्रिया दोन्हीकडे आहे. ती पायरीपायरीने पाहिली, तर आपल्या घराजवळचा इतिहासही नीट उलगडतो आणि रोमचाही.

आठ प्रधान, तीन अटी

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राज्याच्या कारभाराला आठ प्रधानांची चौकट मिळाली. पेशवे मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान. अमात्यांकडे जमाखर्च, सचिवांकडे राजपत्रे, सुमंतांकडे परराज्यांशी व्यवहार, सेनापती हंबीरराव मोहित्यांकडे फौज, न्यायाधीश निराजी रावजींकडे न्याय. मंत्री आणि पंडितराव ही उरलेली दोन पदे.

या रचनेची ताकद तीन अटींत होती. पहिली अट वेतनाची. प्रधानाला वेतन रोख आणि सरकारी खजिन्यातून मिळे, त्यासाठी मुलूख तोडून दिला जात नसे. दुसरी अट, पद वंशपरंपरेने जात नसे. मोरोपंतांच्या आधी शामराज नीलकंठ पेशवे होते, त्यांना बाजूला करून महाराजांनी मोरोपंतांना आणले. नेताजी पालकरांसारखा गाजलेला सेनापतीही पदावरून दूर झाला. तिसरी अट, कामे वाटलेली होती. पैसा एकाकडे, दप्तर दुसऱ्याकडे, फौज तिसऱ्याकडे आणि या सगळ्यांना एकत्र धरणारा फक्त राजा.

रोमनेही सत्ता एका हाती जाऊ नये म्हणून अशाच अटी घातल्या होत्या. तिथे सर्वोच्च पद कॉन्सलचे, पण कॉन्सल दोन असत, तेही एकाच वर्षासाठी आणि एकाने घेतलेला निर्णय दुसरा अडवू शके. सामान्य लोकांच्या वतीने निर्णय रोखण्याचा अधिकार ट्रिब्यून या वेगळ्या अधिकाऱ्यांना होता. मोठी पदे भूषवलेले अनुभवी लोक सिनेटमध्ये बसत.

अशी रचना कोणी एका झटक्यात मोडत नाही. तिची एकेक अट निघून जाते आणि बहुतेक वेळा त्यामागे त्या क्षणापुरते अगदी पटण्यासारखे कारण असते.

संकटात सुटलेली पहिली अट

मराठ्यांकडे पहिली अट सुटली ती जिवावरच्या संकटात. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केले, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना थेट दक्षिणेत जिंजीपर्यंत जावे लागले. खजिना नाही, राजधानी नाही आणि औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचे आमिष दाखवतो आहे. अशा वेळी रोख पगार द्यायचा कुठून?

राजाराम महाराजांनी त्या परिस्थितीत शक्य तो मार्ग घेतला. जो सरदार स्वतःची फौज उभी करून मुघलांकडून मुलूख सोडवेल, त्याला त्या मुलखातला वाटा द्यायचा. फौज सांभाळण्यासाठी असा तोडून दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम. याच काळात प्रतिनिधी हे नवे पद प्रल्हाद निराजींसाठी निर्माण झाले. जुनी पदेही बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती. पेशवेपद मोरोपंतांनंतर पिंगळ्यांच्याच घरात राहिले.

या निर्णयाने राज्य वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्यासारख्यांनी मुघलांना सळो की पळो करून सोडले, ते याच काळात. पण त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. शिपायाचे पोट आता छत्रपतींच्या खजिन्यावर अवलंबून नव्हते, ते त्याच्या सरदारावर अवलंबून होते.

शंभर रुपयांची चौथाई

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले. राजाराम महाराजांच्या पत्नी महाराणी ताराबाई यांचा त्यांना विरोध होता. जानेवारी १७०८ मध्ये शाहू साताऱ्याला गादीवर बसले, पण कित्येक सरदार त्यांच्या बाजूला नव्हते. दर्यावरचे मातब्बर कान्होजी आंग्रे यांनी तर शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच पकडून ठेवले. हा पेच सोडवण्याचे काम बाळाजी विश्वनाथ यांच्यावर आले. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळाले आणि त्यांनी कान्होजींना लढाईशिवाय, बोलणी करून शाहूंकडे वळवले.

१७१९ मध्ये बाळाजींनी दिल्लीहून तीन सनदा आणल्या. स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाईची, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा घेण्याची आणि त्यावर दहावा हिस्सा सरदेशमुखीची. या उत्पन्नाच्या वाटणीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईचे मात्र तुकडे पडले. चौथाईचे १०० रुपये धरले, तर २५ रुपये राजाची बाबती. ६ रुपये सचिवांची साहोत्रा. ३ रुपये नाडगौंडा, छत्रपती मर्जीने देतील त्याला. उरलेले ६६ रुपये मोकासा म्हणून सरदारांना, फौजेच्या खर्चासाठी. शिवाय राजाचे २५ रुपयेसुद्धा आधी मुलखात जाऊन वसूल करायचे, तर फौज लागणार आणि फौज सरदाराची.

या व्यवस्थेने मराठ्यांना भारतभर पसरण्याचे बळ दिले. नवा मुलूख जिंकला की सरदाराचा फायदा, म्हणून प्रत्येकजण पुढे सरकत राहिला. राजाचा वाटा मात्र दुसऱ्याच्या हातून येणारा झाला. वसुली आणि वाटणीचा हिशेब पेशव्यांच्या कारकुनांना सर्वांत चांगला कळत असल्याने, कोणाला किती मिळायचे याच्या नाड्याही हळूहळू पेशव्यांकडे आल्या.

सराफ बाजारातल्या एखाद्या जुन्या पेढीची कल्पना करा. मालक मूळ दुकानात बसतो. पेढीच्या शाखा दूरच्या गावांत निघतात आणि त्या काढायला मुनीम जातो. तिथली माणसे तो नेमतो, उधारी तो उचलतो, वह्या तो लिहितो. पाटीवर मालकाचे नाव आहे, मुनीमही मालकाला मनापासून मान देतो. तरी वीस वर्षांनी त्या शाखांमधला एकही माणूस मालकाला ओळखत नसतो.

फौज कोणाला ओळखते?

रोममध्ये नेमके असेच घडले होते. आधी रोमचा सैनिक म्हणजे स्वतःची जमीन असलेला शेतकरी. मोहीम संपली की तो घरी जाई. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने जमीन नसलेल्या गरिबांनाही सैन्यात घेतले. तोपर्यंत साम्राज्य दूरवर पसरले होते आणि मोहिमा वर्षानुवर्षे चालत. निवृत्तीनंतर जमिनीचा तुकडा मिळवून देणार कोण? सिनेट टाळाटाळ करी, सेनापती शब्द पाळी. मग सैनिकाची निष्ठा सेनापतीकडे गेली. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला हा सेनापती आपले सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून आला. इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझरने तेच केले.

इकडे बाळाजींच्या निधनानंतर एप्रिल १७२० मध्ये त्यांचे पुत्र बाजीराव पेशवे झाले. वय वर्षे एकोणीस. दरबारातल्या जुन्या मानकऱ्यांना ते रुचले नाही. श्रीपतराव प्रतिनिधींचे मत होते की आधी घर सावरावे, बाजीरावांचा ओढा उत्तरेकडे होता. शाहूंनी बाजीरावांचे ऐकले.

जुने सरदार बाजीरावांना बरोबरीचे मानत, वरिष्ठ मानत नसत. म्हणून बाजीरावांनी नवी माणसे घडवली. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि पवार बंधू यांची भरभराट पेशव्यांच्या मोहिमांमधून झाली, तेव्हा त्यांची पहिली बांधिलकी पेशव्यांशी राहिली. चांदवडचा रंगमहाल आपल्या जिल्ह्यात उभा आहे तो याच होळकर घराण्याचा. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला याच चपळ फौजेने निजामाला कोंडीत पकडले.

१ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ जे झाले, ते राज्याच्या चौकटीला तडा देणारे होते. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आणि पेशवे बाजीराव एकमेकांसमोर उभे ठाकले. दोघेही एकाच छत्रपतींचे प्रधान. लढाईत सेनापती मारले गेले. शाहू महाराजांनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली आणि सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवले. पण फौजेची धुरा सेनापतींकडे आणि कारभार पेशव्यांकडे, ही वाटणी तिथेच संपली. अष्टप्रधानांतली सर्वांत महत्त्वाची तिसरी अट सुटली.

निवड कधी बंद झाली?

शाहू महाराज हयात होते तोवर निवड त्यांचीच होती, हे विसरून चालणार नाही. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा रघुजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बारामतीकर बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले होते. शाहूंनी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना नेमले. १७४७ मध्ये काही काळ त्यांनी नानासाहेबांना दूरही केले आणि पुन्हा घेतले. म्हणजे धनी अजून 'नाही' म्हणू शकत होता. पण तीन पिढ्या पद एकाच घरात राहिल्यावर दुसऱ्या कोणाकडे तेवढी फौज, तेवढी पत आणि तेवढी वाकबगार माणसे उरली नव्हती.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले. त्यांना पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी स्वहस्ते लिहून राज्य चालवण्याचा भार पेशव्यांवर टाकला आणि पुढच्या छत्रपतींच्या आज्ञेत राहण्यासही सांगितले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला सदाशिवरावभाऊंच्या उपस्थितीत रामराजांनी राज्यकारभार पेशव्यांकडे सोपवण्याचे मान्य केले.

ताराबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. त्यांच्या मदतीला आलेल्या दमाजी गायकवाडांना नानासाहेबांनी १७५१ मध्ये नमवले. १७५२ मध्ये जेजुरीला ताराबाई आणि पेशवे यांच्यात समेट झाला. तिथे ताराबाईंनी रामराजा आपला नातू नाही, असे शपथेवर सांगितले. ज्या राजाच्या रक्तावरच प्रश्नचिन्ह लागले, तो राजा गादीवर राहिला, पण त्याच्या शब्दाला वजन राहिले नाही. दप्तर आणि दरबार दोन्ही आता पुण्यात होते.

जुनी चौकट का ठेवली?

एवढी सत्ता हातात आल्यावर पेशव्यांनी गादी का घेतली नाही? इथे रोमची तुलना सर्वांत उपयोगी पडते.

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात सर्वाधिकारी हे पद घेतले आणि महिन्याभरात, १५ मार्चला, सिनेटच्या सदस्यांनी त्याला भोसकून मारले. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन यातून शिकला. प्रतिस्पर्ध्यांना हरवल्यावर इ.स.पू. २७ मध्ये त्याने सर्व अधिकार सिनेटला परत करत असल्याचे जाहीर केले. सिनेटने त्याला ऑगस्टस ही पदवी दिली आणि ज्या प्रांतांत सैन्य होते त्यांतले बहुतेक त्याच्याकडेच राहू दिले. कॉन्सल दरवर्षी निवडले जात राहिले. तो स्वतःला फक्त पहिला नागरिक म्हणवून घेई. इ.स. १४ पर्यंत सत्ता त्याच्या हाती राहिली.

पेशव्यांची गरज वेगळी होती, तरी हिशेब जवळचा होता. भोसले, गायकवाड, आंग्रे हे पेशव्यांना सहकारी प्रधान मानत. त्या सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे छत्रपतींची गादी आणि शिवाजी महाराजांचे नाव. पेशव्यांचा हुकूम चालायचा तो त्या गादीच्या वतीने. गादी हटवली असती, तर पेशवे इतर सरदारांसारखेच एक सरदार ठरले असते. शिवाय त्या गादीबद्दल लोकांच्या मनात, आणि पेशव्यांच्याही मनात, खरी श्रद्धा होती.

या व्यवस्थेतली उणीव लवकरच उघडी पडली. वस्त्रे देणाऱ्याकडे नाकारण्याची ताकद उरली नव्हती. डिसेंबर १७७२ मध्ये नानासाहेबांचे पुत्र नारायणराव यांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. ऑगस्ट १७७३ मध्ये त्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि काही आठवड्यांत त्याच साताऱ्याहून राघोबादादांना वस्त्रे मिळाली. मे १७७४ मध्ये ती नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांना आली, तेव्हा ते दीड महिन्यांचेही नव्हते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवण्याचे धैर्य दाखवले. साताऱ्याच्या गादीला तसे करता येण्याजोगी स्थिती तोवर उरली नव्हती.

घरातले भांडण, राज्याचे युद्ध

एका घराच्या हाती राज्य गेले, की त्या घरातला प्रत्येक कलह राज्याचा होतो. याच्या खुणा नाशिकच्या आसपास आहेत. राघोबादादा आनंदवल्लीला राहत, पण कारभारातल्या वाट्याची इच्छा त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी फौज जमवली आणि जून १७६८ मध्ये पुतण्याला, तेव्हाचे पेशवे थोरले माधवराव यांना, चांदवडजवळच्या धोडप किल्ल्याच्या परिसरात त्यांच्याशी लढावे लागले. दादा पकडले गेले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले. काका-पुतण्यांनी घरात सोडवायचा प्रश्न सोडवायला हजारो शिपाई रणात उतरले.

नारायणरावांच्या खुनानंतर मात्र एक आशादायक प्रयोग झाला. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन बाळ पेशव्याच्या नावाने कारभार हाती घेतला. हेच बारभाईंचे कारस्थान. अनेकांनी मिळून राज्य चालवण्याची जुनी रीत परत आल्यासारखे वाटले. पण त्यांना बांधून ठेवणारे कोणतेही नियम नव्हते. पेठे १७७४ मध्येच लढाईत पडले, १७७८ मध्ये मोरोबा फडणीसांचे बंड मोडले गेले, पुढच्या वर्षी सखारामबापू कैदेत गेले. उरले नाना. ते असामान्य कर्तृत्वाचे होते, त्यांनी राज्य वीस वर्षे सांभाळले. १३ मार्च १८०० रोजी ते गेले, तेव्हा मागे त्यांचे काम पुढे नेणारे मंडळ नव्हते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण स्वीकारले.

रोममध्येही सीझरला मारणाऱ्यांना वाटले होते की माणूस गेला की प्रजासत्ताक परत येईल. ते आले नाही, कारण फौजेची निष्ठा आणि पैशाचा मार्ग तसाच राहिला होता.

फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांविरुद्धचा जाहीरनामा काढला तो साताऱ्याहून, किल्ला घेतल्यावर. त्यात छत्रपतींना मुक्त करून राज्य देण्याचे आश्वासन होते. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. अनेकांनी त्या आश्वासनावर विश्वास ठेवून शस्त्रे खाली ठेवली. साठ-पासष्ट वर्षे जे नाव आतून रिकामे ठेवले गेले, ते नाव परक्याने उचलून आपल्या कामाला लावले.

थोडक्यात

- सत्ता एका हाती जाते ती टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्याला त्या वेळी पटणारे कारण असते.
- पहिला टप्पा पगाराचा: खजिन्यातून मिळणारे वेतन सरंजामात बदलले.
- दुसरा टप्पा हिशेबाचा: वसुली आणि वाटणी कळणारी माणसे एकाच फडात गोळा झाली.
- तिसरा टप्पा फौजेचा: शिपाई राज्याऐवजी सेनानीला ओळखू लागला.
- चौथा टप्पा वारशाचा: पद घराण्याचे झाले, निवड नावापुरती राहिली.
- जुनी पदे आणि विधी शेवटपर्यंत चालू राहतात. त्यांच्याकडे पाहून सत्ता कुठे आहे ते कळत नाही.

पेशव्यांनी केलेले काम मोठे होते आणि त्यांच्याच पराक्रमाने मराठी राज्य अटकेपर्यंत पोचले. म्हणूनच ही कथा कोणा एकाला दोष देऊन संपवता येत नाही. कर्तबगार माणसाला अधिकार द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ते देताना रोख पगार, ठरावीक मुदत आणि वेगळे दप्तर या साध्या अटी सांभाळाव्या लागतात, कारण कर्तबगार माणसाचा वारसही तसाच निघेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. आज आपण ज्या संस्थेचे सभासद आहोत, तिच्या घटनेत काय लिहिले आहे हे वाचावेच. त्याबरोबर पैसे कोणाच्या सहीने निघतात, माणसे कोण नेमतो आणि प्रमुखाला नकार देणारा कोणी तिथे बसलेला आहे का, हेही वार्षिक सभेत उभे राहून विचारावे.